घाट, गुडघे आणि गिअर

शहरातील कोणत्याही गृहसंकुलाच्या वाहनतळात डोकावले, तर जाड टायरांची, पुढच्या चाकाला धक्के शोषणारे सस्पेन्शन असलेली आणि हँडलच्या दोन्ही मुठींशी आकडे कोरलेली एखादी तरी सायकल भिंतीला टेकून उभी असलेली आढळते. तिच्याजवळ क्षणभर खाली बसावे आणि मागच्या चाकाच्या मध्याशी असलेल्या सात दातेरी चकत्या निरखून पाहाव्यात. पुष्कळदा त्यांपैकी एखादीच चकती घासून लख्ख झालेली असते. उरलेल्या चकत्यांवर कारखान्यात लावलेले वंगण धुळीसह तसेच वाळून गेलेले असते. विकताना दुकानदाराने चेन जिथे ठेवली, तिथून ती कधी हललीच नाही, हे त्या लखलखीत दात्यांवरून कळते. दुर्दैवाने ती चकती अनेकदा सर्वांत लहान, म्हणजे चालवायला सर्वांत जड असते.

अशा सायकलीच्या मालकाची हकिगतही सहसा ठरावीक असते. चाळिशी उलटलेली, रक्तातील साखर किंवा वजन जरा वाढलेले, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला. मोठ्या उत्साहाने गिअरची सायकल घेतली जाते. दोन-तीन आठवडे सकाळी फेरफटका होतो. मात्र वाटेत उड्डाणपूल लागला की मांड्या भरून येतात, महिन्याभरात गुडघ्याच्या वाटीमागे ठणका सुरू होतो आणि ‘मला काही सायकल सोसत नाही’ असा निर्वाळा देऊन गृहस्थ पुन्हा लिफ्टकडे वळतात. या निर्वाळ्यात सायकलीवर थोडा आणि स्वतःच्या गुडघ्यांवर बराच अन्याय आहे. ज्या उपकरणाने तो ठणका टळला असता, ते मुठीजवळच होते. त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता, इतकेच.

तो अर्थ समजण्यासाठी यंत्रशास्त्राच्या पुस्तकाची गरज नाही. सिंहगडावर जाण्याच्या दोन वाटा पुणेकरांना पाठ असतात. एक आतकरवाडीतून निघणारी पायवाट, जी डोंगराच्या अंगावरून थेट वर घुसते. दुसरी गोळेवाडीकडून वळणे घेत जाणारी आठ-नऊ किलोमीटरची गाडीवाट. दोन्ही वाटांनी चढायची उंची जवळजवळ सारखीच. पायवाटेने ती थोड्या अंतरात चढावी लागते, म्हणून प्रत्येक पाऊल जड पडते. घाट बांधणाऱ्या माणसाने काय केले? उंची कमी करणे त्याच्या हाती नव्हते. त्याने अंतर वाढवले आणि त्या बदल्यात चढ सौम्य केला. कर्ज तेवढेच राहिले, हप्ते मात्र लहान आणि संख्येने अधिक झाले. सायकलीचा हलका गिअर म्हणजे तिने स्वतःबरोबर बाळगलेला असा घाटरस्ता होय. समोरचा चढ तोच राहतो. पाय अधिक वेळा फिरतात आणि दर फेऱ्याला लागणारा जोर कमी होतो.

गिअरमुळे श्रम वाचतात असे सर्रास म्हटले जाते, ते मात्र खरे नाही. गडावर न्यायचे वजन आणि चढायची उंची ठरलेली असल्याने काम तेवढेच करावे लागते. ते गुडघ्यांकडून मोठ्या जोराने करून घ्यायचे की हृदय-फुफ्फुसांना सोबत घेऊन लहान लहान फेऱ्यांत वाटून टाकायचे, ही निवड गिअरमुळे आपल्या हाती येते. आरोग्याच्या दृष्टीने सारे महत्त्व या निवडीचे आहे.

आता प्रत्यक्ष रचना पाहू. आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या २१ गिअरच्या माउंटन बाइकमध्ये पेडलजवळ, म्हणजे चेनव्हीलला, तीन चकत्या असतात आणि मागच्या चाकाला, म्हणजे फ्रीव्हीलला, सात. तीन गुणिले सात, म्हणून २१. एका नेहमीच्या जोडणीत पुढच्या चकत्यांना ४२, ३४ आणि २४ दाते, तर मागच्यांना १४ पासून २८ पर्यंत दाते असतात. पेडलचा एक पूर्ण फेरा झाला, की पुढच्या चकतीचे जितके दाते तितक्या कड्या चेन पुढे सरकते. पुढची चकती ४२ दात्यांची आणि मागची १४ दात्यांची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक बरोबर तीनदा फिरते. पुढे २४ आणि मागे २८ अशी जोडी असेल, तर चाकाचा एक फेराही पुरा होत नाही. जेमतेम सहा-सप्तमांश होतो.

हे आकडे कागदावर कोरडे वाटतात. म्हणून एखाद्या रविवारी मुलांना सोबत घेऊन घराच्या अंगणात वा वाहनतळात एक प्रयोग अवश्य करावा. मागच्या टायरवर आणि त्याच्या खालच्या फरशीवर खडूने खूण करावी. कोणीतरी हँडल धरावे आणि सायकल सावकाश पुढे ढकलत, चेन सतत ताणलेली राहील अशा बेताने, पेडल हाताने एकच पूर्ण फेरा फिरवावे. सायकल जिथे थांबेल तिथे दुसरी खूण करून मोजपट्टीने अंतर मोजावे. २६ इंची, मध्यम जाडीच्या टायरच्या चाकाचा परीघ २ मीटरांहून किंचित अधिक, सुमारे २ मीटर ७ सेंटीमीटर असतो. म्हणजे सर्वांत जड गिअरमध्ये अंतर भरेल सुमारे ६ मीटर २० सेंटीमीटर आणि सर्वांत हलक्या गिअरमध्ये सुमारे पावणेदोन मीटर. पेडलचा फेरा तोच, आणि अंतरात साडेतीन पटींचा फरक! सातवी-आठवीतील मुलांना गुणोत्तर हा धडा याहून चांगल्या रीतीने शिकवता येईल असे मला वाटत नाही.

या साडेतीन पटींचे शरीरावर काय होते, ते आता पाहू. समजा, ६५ किलो वजनाची व्यक्ती १५ किलोच्या सायकलीवरून शंभर मीटरला आठ मीटर चढणारा रस्ता चढते आहे. आपल्या घाटांत असे तुकडे ठिकठिकाणी आहेत. चढ आणि टायरांचे घर्षण मिळून सायकलीला मागे खेचणारा जोर सुमारे सात किलो वजनाइतका भरतो. क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, लांबी नेहमीप्रमाणे १७ सेंटीमीटर धरली, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलवर सरासरी सुमारे १२ किलोचा दाब द्यावा लागतो. त्याच चढावर सर्वांत जड गिअरमध्ये हाच दाब ४० किलोंच्या घरात जातो. शिवाय ही झाली सरासरी. पेडल वर किंवा अगदी खाली असताना पायाला फारसे काही करता येत नाही. दांडा समोर आडवा असतो तेव्हाच खरा जोर लागतो आणि तो सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणूनच जड गिअरमध्ये चढ आला की माणूस आपसूक सीटवरून उठतो आणि देहाचे सगळे वजन एकेका पेडलवर टाकू लागतो.

मांडीच्या पुढच्या भागातील मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीमार्फत नडगीच्या हाडाला ओढतो. तो जितका जोराने आकसतो, तितकी वाटी मांडीच्या हाडातील खाचेवर दाबली जाते. गुडघा जितका अधिक वाकलेला, तितका हा दाब अधिक. जड गिअर दाब वाढवतो आणि फार खाली ठेवलेली सीट वाकणे वाढवते. नवख्या सायकलस्वारांकडे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत असतात, कारण दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत या भीतीने सीट खाली घेतलेली असते. सीटच्या उंचीचा साधा अंदाज असा : सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी, पेडल खालच्या टोकाला गेले असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग चालवताना चवडा पेडलवर ठेवला, की गुडघ्याला हवा तेवढाच किंचित बाक राहतो. ज्यांच्या गुडघ्यांची झीज सुरू झाली आहे, अशांनाही डॉक्टर अनेकदा सायकल सुचवतात, कारण देहाचा बराचसा भार सीटवर असतो आणि सांधा भाराविना फिरता राहतो. त्या सल्ल्यात हलका गिअर गृहीत धरलेला असतो. जड गिअरमध्ये चढ चढणे म्हणजे एका बाजूने भार उतरवून दुसऱ्या बाजूने तो दामदुपटीने लादणे. गुडघ्याला सूज असेल किंवा विश्रांतीनंतरही दुखणे टिकत असेल, तर गिअरशी खेळत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट श्वासाची. जड पेडल रेटताना माणूस नकळत दातओठ खातो, हँडल घट्ट आवळतो आणि क्षणभर श्वास रोखून धरतो. जड पेटी उचलतानाही आपण हेच करतो. श्वास कोंडून जोर लावला की त्या क्षणापुरता रक्तदाब झपाट्याने चढतो. निरोगी तरुणाला त्याचे विशेष काही वाटत नाही. परंतु ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी हा प्रकार टाळण्याजोगा आहे. हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरत असताना श्वास रोखण्याची गरज पडत नाही. तो आपोआप पायांच्या तालावर येतो. शेजारच्या सोबत्याशी एखादे वाक्य पूर्ण बोलता येते का, ही व्यायामाच्या तीव्रतेची जुनी आणि बिनखर्चाची कसोटी घाटातही चालते. हृदयविकार असलेल्यांनी मात्र चढाच्या वाटेला जाण्यापूर्वी डॉक्टरांची संमती घ्यावीच.

स्नायूंचाही हिशेब असाच आहे. मांडीच्या स्नायूत काही तंतू सावकाश पण चिवटपणे काम करणारे असतात आणि काही जोरकस पण लवकर दमणारे. थोडा जोर लागतो तोवर चिवट तंतू काम निभावतात. फार जोर लागला की दुसऱ्यांना पाचारण करावे लागते, आणि ते थकले की मांड्या भरून येतात. वर सांगितलेल्या चढावर सर्वांत हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेरे मारणाऱ्या माणसाने तेवढ्याच दमाने सर्वांत जड गिअर वापरला, तर त्याचे पेडल मिनिटाला जेमतेम १७ फेरे घेईल. त्या गतीला सायकलीचा तोलसुद्धा नीट राहत नाही आणि प्रत्येक फेरा म्हणजे एक बैठक होते.

मग योग्य गती कोणती? सरावलेले सायकलस्वार मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांच्या आसपास राहतात. आपल्यासारख्यांना सपाटीवर ६० ते ७५ आणि चढावर जमेल तितके, पण शक्यतो ५० च्या खाली नाही, एवढे पुरे. मोजणे सोपे आहे : १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजावे आणि चाराने गुणावे. मुठीवरील आकड्यांपेक्षा हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सपाटी असो, पूल असो की उतरता रस्ता, पायांची लय शक्य तितकी एकसारखी राहावी आणि बदलायचा तो गिअर बदलावा. पाय रेंगाळू लागले, गिअर हलका करावा. पाय रिकामे फिरू लागले, गिअर जड करावा. मनात कोणताही तक्ता बाळगण्याची आवश्यकता नाही.

गोंधळ होतो तो दोन हातांमुळे. डावी मूठ पुढच्या तीन चकत्या बदलते, उजवी मागच्या सात. पुढे लहान चकती म्हणजे हलके आणि मागे लहान चकती म्हणजे जड, असा उलटा न्याय असल्यामुळे नवा माणूस गडबडतो. त्यावर तोडगा असा : चेन सायकलीच्या आतल्या बाजूला, म्हणजे चाकाकडे, सरकली की हलके, बाहेरच्या बाजूला सरकली की जड. हे पुढे-मागे दोन्हीकडे लागू आहे. मुठींवरील आकडेही याच क्रमाने असतात. दोन्हीकडे १ म्हणजे सर्वांत हलके.

आता त्या २१ च्या आकड्याविषयी. विक्रेते तो मोठ्या अभिमानाने सांगतात, पण त्यात बरीच पुनरुक्ती आहे. पुढे ४२ आणि मागे २४ दाते घेतले तर एका फेऱ्यात चाक पावणेदोनदा फिरते. पुढे ३४ आणि मागे २० घेतले तर १.७ वेळा, पुढे २४ आणि मागे १४ घेतले तरी जवळपास तेवढेच, १.७१ वेळा. पायांना या तिन्हींत फरक जाणवणे अशक्यच. अशी जुळी-तिळी वगळली, तर खरोखर वेगळे असे गिअर बाराएकच उरतात. या तिळ्यांपैकी मधली जोडी निवडावी, कारण तिच्यात चेन सरळ धावते. पुढे सर्वांत लहान आणि मागेही सर्वांत लहान, किंवा पुढे सर्वांत मोठी आणि मागेही सर्वांत मोठी, अशा जोड्यांत चेन तिरपी चालते, कुरकुरते आणि लवकर झिजते. मोठी-मोठी ही जोडी तर अधिकच वाईट. तिच्यात चेन कमालीची ताणली जाते. व्यवहारात शहरातील नित्याच्या वाटेसाठी पुढची मधली चकती धरून ठेवावी आणि फक्त उजव्या हाताने मागचे गिअर बदलत राहावे. घाट लागला की डाव्या हाताने पुढची लहान चकती. मोठी चकती उतारासाठी आणि मोकळ्या, वाऱ्याची साथ असलेल्या रस्त्यासाठी. पुष्कळांना तिची वर्षानुवर्षे गरज पडत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

कमीपणाचा हा विषय मात्र थोडा विस्ताराने बोलण्यासारखा आहे, कारण हलका गिअर न वापरण्यामागे अज्ञानाइतकीच भीडही असते. चढावर ताशी सहा किलोमीटरच्या गतीने, भराभर पाय मारत, चालणाऱ्या माणसाच्या जेमतेम पुढे सरकणे अनेकांना लाजिरवाणे वाटते. मोठा आकडा म्हणजे मर्दुमकी, ही समजूत मुलग्यांत तर शाळेपासूनच रुजते. ही भीड आजची नाही. फ्रान्समधील सेंत-एतिएन या गावचे पॉल द व्हिवी ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहीत असत. डोंगराळ भागातील सामान्य प्रवाशाला अनेक गिअरांची सायकल कशी उपयोगी आहे, हे ते विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मासिकातून हिरिरीने मांडत होते. त्यांच्या विरोधात उभे होते आंरी देग्रांज, म्हणजे १९०३ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही विख्यात शर्यत सुरू करणारे संपादक. गिअर ही ४५ वर्षांवरील मंडळींची सोय आहे. शर्यतीत स्नायूंची ताकदच दिसली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. परिणामी त्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेला, प्रदीर्घ काळ बंदी राहिली. ती १९३७ मध्ये उठली. तोवर जगातील सर्वोत्तम सायकलपटू आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी सायकलवरून उतरत, मागचे चाक काढत, ते उलटे करून त्याच्या दुसऱ्या बाजूची मोठी चकती चेनला जोडत आणि मग घाट चढू लागत! शिखरावर पुन्हा तोच खटाटोप उलट दिशेने. देग्रांज यांचे मत जरा निराळ्या नजरेने वाचले, तर आमच्या निम्म्याअधिक वाचकांसाठी ती शिफारसच ठरेल.

माउंटन बाइकचा जन्मही चढाच्या अडचणीतूनच झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीमध्ये काही तरुण जाड टायरांच्या जुन्यापान्या, बोजड सायकली घेऊन माउंट टॅमलपाईस परिसरातील मातीच्या वाटांवरून भन्नाट वेगाने खाली येत. या सायकलींना गिअर नसे. खाली येणे मजेचे होते. परंतु वर जाण्यासाठी त्या ढकलत न्याव्या लागत किंवा कुणाच्या तरी गाडीत टाकाव्या लागत. जाड टायरांच्या सायकलीला हलके गिअर बसवल्यावर हे चित्र पालटले. त्यांच्यापैकीच जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी चौकट घडवली. म्हणजे आज आपण ज्या सायकलीचे हलके गिअर वापरायला संकोचतो, ती सायकल डोंगर चढण्याजोगी झाली तीच मुळी या गिअरांमुळे.

प्रत्यक्ष गिअर बदलण्याची रीतही समजून घ्यावी. मागच्या चकत्यांखाली लोंबणाऱ्या यंत्रणेत दोन छोटी दातेरी चाके असतात. चेन त्यांच्यामधून इंग्रजी एस अक्षरासारखी वळून जाते. मुठीजवळची कळ दाबली वा फिरवली की तार ताणली जाते, ही यंत्रणा आडवी सरकते आणि चेनला शेजारच्या चकतीकडे नेते. तार सैल केली की स्प्रिंग तिला परत आणते. चेन दुसऱ्या दात्यांवर चढायची तर ती धावती हवी, म्हणून गिअर बदलताना पेडल पुढच्या दिशेने फिरत असले पाहिजे. उभ्या सायकलीवर कळ फिरवू नये. तार ताणून राहते आणि पहिल्याच पेडलला चेन धाडकन उडी मारते. त्याचबरोबर चेनवर फार ताणही नको. पायाने जोर लावलेला असतानाच गिअर बदलला की जी कडकड ऐकू येते, ती दात्यांची तक्रार असते. त्या अर्ध्या फेऱ्यापुरता पाय हलका सोडावा, जसे मोटार चालवणारा क्लच दाबतो तसे, आणि चेन बसली की पुन्हा जोर धरावा.

यावरूनच घाटातील सर्वांत उपयुक्त सवय निघते. चढ सुरू होण्याआधी, पाय अजून मोकळे असताना, गिअर हलका करून ठेवावा. कात्रजच्या वा दिव्याच्या घाटात नवशिक्यांची फजिती होते ती इथेच. वळणापर्यंत ते जड गिअरमध्ये येतात, चढ अंगावर येतो, पेडल मंदावते आणि मग घाईने पुढची चकती बदलू पाहतात. ताणलेली चेन हलत नाही, किंवा हलली तर खाली पडते. सायकल थांबते आणि चढावर पुन्हा बसून निघणे आणखी कठीण जाते. शहरातही हाच नियम. सिग्नल लाल होताना दिसला की थांबण्यापूर्वीच मागचे दोन-तीन गिअर हलके करावेत. हिरवा होताच पहिले पेडल लोण्यासारखे फिरते आणि मागच्या वाहनांच्या भोंग्यांपुढे धडपडावे लागत नाही. ज्येष्ठांचा तोल जाण्याचा धोका सर्वांत अधिक असतो तो निघण्याच्या या दोन-चार क्षणांत.

मुलांविषयी थोडेसे. सहा-सात वर्षांच्या मुलाला गिअरची सायकल घेऊन देण्याची हौस पालकांनी आवरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वयात तोल, ब्रेक आणि रस्त्याचे भान एवढेच शिकायला पुष्कळ आहे. वरचे वजन आणि बिघाड हा नुसता भार. मूल आपण होऊन ‘चढ जड जातो’ म्हणू लागले, की वेळ आली समजावे. मग आधी फक्त उजव्या हाताचे गिअर शिकवावेत. सोबत चालवताना ‘जोर लाव’ असे ओरडण्याऐवजी ‘पाय मोज’ म्हणावे. दहा-बारा वर्षांचे मूल हा खेळ चटकन उचलते.

नवी सायकल घेणाऱ्यांनी गिअरांची संख्या विचारूच नये. २४ गिअरची सायकल २१ गिअरच्या सायकलीपेक्षा चढाला सोपी असेलच असे नाही. विचारायचे ते पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते. पुढचा आकडा मागच्यापेक्षा जितका कमी, तितका चढ सुसह्य. अलीकडे पुढे एकच चकती आणि मागे दहा-बारा, अशी रचना रूढ होत आहे. पुढे ३२ दाते आणि मागे १० ते ५१ दाते असले, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला चाक पाऊण फेराही घेत नाही. डाव्या हाताचा गोंधळ संपतो, तिरप्या चेनची चिंताही बरीच कमी होते. किंमत मात्र वाढते आणि चेन व चकत्या बदलण्याचा खर्चही. घराजवळच्या दोन-चार टेकड्यांसाठी साधी २१ गिअरची सायकल, तिचे सगळे गिअर वापरले तर, पुरेशी आहे.

एक खबरदारी मात्र प्रत्येकाने घ्यावी. मागचा डिरेलर सायकलीच्या उजव्या अंगाला बाहेर आलेला असतो. सायकल त्या बाजूला पडली, वाहनतळात दुसऱ्या गाडीचा धक्का लागला, तर तो ज्या छोट्याशा पट्टीवर टांगलेला असतो ती आत वाकते. सपाटीवर काही कळत नाही. घाटात सर्वांत हलका गिअर घेतला की तोच डिरेलर मागच्या चाकाच्या तारांत शिरतो. चाक जागीच अडकते आणि स्वार पडतो. म्हणून सायकल पडल्यानंतर किंवा फार दिवसांनी बाहेर काढल्यावर आधी मागचे चाक उचलून पेडल हाताने फिरवत सगळे गिअर एकदा खालपासून वरपर्यंत बदलून पाहावेत. चेन सर्वांत मोठ्या चकतीवर असताना मागे उभे राहून पाहिले, की डिरेलर आणि तारा यांच्यात फट आहे की नाही ते दिसते. फट नसेल, तर त्या दिवशी घाटाकडे न जाता सायकल दुकानात न्यावी. पट्टी सरळ करणे किंवा बदलणे हे थोड्या वेळाचे काम आहे.